हिमाचली टोपी

हिमाचली टोपी हे भारताच्या हिमाचल प्रदेश राज्यातील लोकरीचे पारंपरिक शिरोवस्त्र आहे. गोल आकार, सपाट माथा आणि पुढील बाजूस रंगीत नक्षीची किंवा मखमलीची पट्टी ही तिची ठळक लक्षणे होत. कुल्लू, किन्नौर, मंडी, शिमला आदी जिल्ह्यांत ती दैनंदिन वापरात असून विवाह, जत्रा व देवयात्रा यांसारख्या प्रसंगी ती सन्मानाची खूण मानली जाते. पाहुण्याचे स्वागत टोपी व शाल देऊन करण्याची रीत राज्यभर आढळते.

या टोपीचे एक वैशिष्ट्य म्हणजे तिच्यावर खोवली जाणारी कलगी. ती पूर्वापार हिमालयीन मोनाल या पक्ष्याच्या नराच्या डोक्यावरील तुऱ्यापासून केली जात असे. थंडीपासून रक्षण करणारी मेंढीची लोकर आणि शोभेसाठी रानपक्ष्याचा तुरा असा संयोग या शिरोवस्त्रात झाला. लोकर मेंढी जिवंत ठेवून कातरता येते; तुरा मात्र बहुधा पक्ष्याचा जीव घेऊनच मिळतो. त्यामुळे ही टोपी वस्त्रपरंपरेबरोबरच वन्यजीव संरक्षणाच्या चर्चेचाही विषय बनली आहे.

## नावे व शब्दार्थ

हिमाचल प्रदेशाबाहेर ही टोपी ‘हिमाचली टोपी’ किंवा ‘पहाडी टोपी’ या नावाने ओळखली जाते. राज्यात मात्र ती प्रदेशानुसार ‘कुल्लुवी टोपी’, ‘बुशहरी टोपी’ व ‘किन्नौरी टोपी’ अशा नावांनी संबोधली जाते. किन्नौरमध्ये तिला ‘थेपांग’ असेही म्हणतात.

टोपीवरील तुऱ्यासाठी ‘कलगी’ हा शब्द रूढ आहे. कलगी व तुरा हे दोन्ही शब्द मराठीत फारसी भाषेच्या संपर्कातून आले आणि दरबारी पोशाखातील पगडी व शिरपेच यांच्याबरोबर रुळले. मराठी शाहिरीतील सवाल-जबाबाच्या परंपरेला ‘कलगी-तुरा’ हेच नाव असून तीत कलगी हा शक्तीचा आणि तुरा हा शिवाचा पक्ष मानला जातो. यश मिळविणाऱ्याच्या ‘शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला’ असे आजही म्हटले जाते. डोक्यावरील पिसांचा गुच्छ ही मानाची खूण, ही कल्पना अशा प्रकारे हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत परिचित आहे.

## स्वरूप व प्रकार

### कुल्लुवी टोपी

कुल्लू खोऱ्यातील टोपी करड्या, तपकिरी, पांढऱ्या किंवा काळ्या लोकरी कापडाची असते. माथा गोल व सपाट असून त्याभोवती उभी कड शिवलेली असते. पुढील भागावर हातमागावर विणलेली रंगीत पट्टी लावतात. त्रिकोण, चौकट व नागमोडी रेषा यांसारख्या भौमितिक आकृत्यांची ही नक्षी कुल्लूच्या शालीवरील नक्षीशी साम्य दर्शवते. कड ताठ राहावी म्हणून आतून जाड अस्तर दिलेले असते.

### बुशहरी व किन्नौरी टोपी

पूर्वीच्या बुशहर संस्थानाचा प्रदेश, म्हणजे आजचा रामपूर परिसर व किन्नौर जिल्हा, हे या प्रकाराचे मूळ क्षेत्र होय. येथील टोपी करड्या लोकरी कापडाचीच असते. परंतु नक्षीच्या पट्टीऐवजी तिच्यावर मखमलीची उभी घडी असते. हिरवी मखमल सर्वाधिक प्रचलित असून तिच्या कडेला लाल, नारिंगी इत्यादी रंगांच्या बारीक पट्ट्या शिवतात. किन्नौरमध्ये ही टोपी स्त्रिया व पुरुष दोघेही घालतात. तेथे टोपीवर फुले खोवण्याचीही प्रथा आहे. किन्नौरमधील फुलांचा उत्सव ‘फुलैच’ या नावाने प्रसिद्ध आहे.

### रंग व राजकारण

गेल्या काही दशकांत मखमलीच्या रंगाला राजकीय अर्थ प्राप्त झाला. बुशहरच्या राजघराण्यातील व अनेक वेळा मुख्यमंत्री राहिलेले काँग्रेसचे नेते वीरभद्र सिंह यांच्यामुळे हिरवी टोपी काँग्रेसशी, तर भारतीय जनता पक्षाचे नेते व माजी मुख्यमंत्री प्रेमकुमार धुमल यांच्यामुळे गडद लाल रंगाची टोपी भाजपशी जोडली गेली. रंगांचा हा संकेत अलीकडचा असून मूळ परंपरेत त्यास आधार नाही.

## लोकर व विणकाम

हिमाचल प्रदेशातील थंड हवामान, उंच कुरणे आणि गद्दी व इतर मेंढपाळ समाजांचे ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर यांमुळे लोकरीचे विणकाम हा येथील घराघरांतील उद्योग होता. हिवाळ्यात शेतीची कामे थांबल्यावर सूत काढणे व विणणे ही कामे केली जात. घरच्या लोकरीपासून विणलेले जाड कापड प्रथम पाण्यात भिजवून व तुडवून घट्ट केले जाते. या प्रक्रियेत तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटते आणि वाऱ्याला सहज न जुमानणारे बनते. टोपीसाठी असे घट्ट कापड सोयीचे ठरते.

कुल्लू खोऱ्यात सहकारी तत्त्वावरील विणकामाचा विकास झाला. त्यातील भुट्टी विणकर सहकारी संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली असून शाल, पट्टू व टोप्या यांच्या उत्पादनासाठी ती ओळखली जाते. कुल्लूच्या शालीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. पर्यटनवाढीनंतर यंत्रमागावरील पट्ट्या व कृत्रिम धाग्याच्या टोप्याही बाजारात आल्या. त्या स्वस्त असल्या, तरी लोकरीइतकी ऊब देत नाहीत.

## उबेमागील कारण

टोपी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता बाहेर जाऊ न देणे हे तिचे कार्य आहे. स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. लोकरीचे तंतू सरळ नसून कुरळे असतात आणि त्यांच्यामध्ये हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे तयार होतात. या कप्प्यांतील हवा हलत नसल्याने उष्णतेचा ऱ्हास मंदावतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेऊ शकते आणि तरीही स्पर्शाला ओली लागत नाही. चढावर घाम येऊन नंतर वाऱ्यात थांबावे लागते, अशा वेळी हा गुण विशेष उपयोगी पडतो. सुती टोपी घामाने भिजली की तिच्यातील हवेची जागा पाणी घेते व डोके गार पडते.

पक्ष्यांच्या शरीरावरही हेच तत्त्व कार्य करते. बाहेरील आवरणपिसे एकमेकांवर कौलांप्रमाणे रचलेली असून वारा व पाणी अडवतात. त्यांच्याखालील मऊ पिसांत हवा धरून ठेवली जाते. थंडी वाढली की पक्षी पिसे फुलवून हवेचा थर जाड करतो. म्हणूनच हिवाळ्यात लहान पक्षी चेंडूसारखे गोल दिसतात. लोकर व पीस या दोहोंचा मुख्य घटक केराटिन हे प्रथिन आहे, मात्र दोहोंतील केराटिनची रचना भिन्न असते. टोपीतील घट्ट कापड हे आवरणपिसांचे, तर आतील मऊ लोकर ही खालच्या पिसांची जागा घेते, असे म्हणता येईल.

शरीराची निम्म्याच्या आसपास उष्णता डोक्यातून निघून जाते, हा समज लोकप्रिय असला तरी तो बरोबर नाही. प्रौढ व्यक्तीच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी साधारण १० टक्के भाग डोक्याचा असतो आणि उष्णतेचा ऱ्हासही सर्वसाधारणपणे त्याच प्रमाणात होतो. अंगावर भरपूर कपडे आणि डोके मात्र उघडे, अशा स्थितीत डोक्याचा वाटा साहजिकच मोठा दिसतो. तथापि, टोपीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. थंडीत हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या जितक्या आकुंचन पावतात तितक्या टाळूच्या पावत नाहीत. शिवाय चेहरा व कान थंडीला अधिक संवेदनशील असतात.

## मोनाल पक्षी

हिमालयीन मोनाल (शास्त्रीय नाव : लोफोफोरस इम्पेजानस) हा मोर, कोंबडा व तित्तिर यांच्या कुळातील मोठा पक्षी आहे. अफगाणिस्तानच्या पूर्व भागापासून पाकिस्तान, भारत, नेपाळ व भूतानपर्यंतच्या हिमालयात तसेच तिबेटच्या दक्षिण भागात तो आढळतो. नेपाळमध्ये त्यास ‘डांफे’ म्हणतात व तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. भारतात तो उत्तराखंडचा राज्यपक्षी आहे. हिमाचल प्रदेशाचाही तो राज्यपक्षी होता. २००७ मध्ये ते स्थान ‘जुजुराना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पश्चिमी ट्रॅगोपानला देण्यात आले.

शास्त्रीय नावातील ‘इम्पेजानस’ हे पद मेरी इम्पी यांच्या सन्मानार्थ आहे. त्या कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या पत्नी होत. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन लॅथम यांनी १७९० मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

नराची लांबी सुमारे ७० सेंटिमीटर आणि वजन सुमारे दोन किलोग्रॅम असते. त्याच्या अंगावर हिरवा, निळा, जांभळा व तांबूस अशा धातूसारख्या चकाकणाऱ्या रंगांची उधळण असते. शेपटी दालचिनीच्या रंगाची असून उडताना पाठीवरील पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. पिसांची ही चकाकी केवळ रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलला की रंगही बदललेला भासतो. मादी तपकिरी असून तिचा गळा पांढरा असतो.

नराच्या डोक्यावरील तुरा मोराच्या तुऱ्याची आठवण करून देतो. त्यातील प्रत्येक पिसाचा दांडा तारेसारखा उघडा असतो आणि टोकाशी लहान चमच्याच्या आकाराची हिरवी, चकाकती पाकळी असते. विणीच्या काळात मादीपुढे प्रदर्शन करताना नर हा तुरा हलवतो. मादीला आकृष्ट करण्याचे हे साधनच पुढे त्याच्या शिकारीचे कारण ठरले.

मोनाल साधारणपणे २,१०० ते ४,५०० मीटर उंचीवर राहतो. उन्हाळ्यात तो वृक्षरेषेच्या वरील गवताळ उतारांवर, तर हिवाळ्यात ओक, देवदार व ऱ्होडोडेंड्रॉनच्या जंगलांत खाली उतरतो. त्याची चोच मजबूत व टोकाशी वाकलेली असते. तिच्या साहाय्याने तो माती व बर्फ उकरून कंद, मुळे आणि किडे शोधतो. उकरलेल्या बर्फाचे ठसे पाहून त्याचा वावर ओळखता येतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ही जाती ‘किमान चिंताजनक’ वर्गात आहे. तथापि स्थानिक पातळीवर शिकार व अधिवासाचा ऱ्हास यांचा तिच्यावर ताण आहे.

## कलगीची प्रथा

मोनालचा तुरा टोपीवर लावणे हे पूर्वी शौर्य, प्रतिष्ठा व समृद्धी यांचे लक्षण समजले जात असे. नवरदेवाच्या टोपीवर, देवतेबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांच्या टोपीवर आणि नाटी या समूहनृत्यातील प्रमुख नर्तकांच्या टोपीवर कलगी दिसे. अनेक घरांत ती दागिन्याप्रमाणे जपली जाई आणि वडिलांकडून मुलाकडे वारशाने जाई. ज्यांच्या घरी कलगी नसे, ते लग्नकार्यासाठी ती नातलगांकडून मागून आणत.

विजयादशमीपासून सुरू होणारा व सात दिवस चालणारा कुल्लूचा दसरा हा या पोशाखाच्या दर्शनाचा मोठा प्रसंग होय. खोऱ्यातील गावोगावच्या देवता पालख्यांतून ढालपूर मैदानावर एकत्र येतात आणि त्यांच्यासोबतचे लोक पारंपरिक वेशात असतात.

कलगी ही टोपीवरील इतर सजावटीहून मूलतः वेगळी आहे. फूल सुकले की टाकून देता येते व पुढल्या वर्षी पुन्हा उमलते. मोराचा पिसारा पावसाळ्यानंतर गळतो आणि गळलेली पिसे वेचता येतात. मोनालही पिसे बदलतो. परंतु तुऱ्याची पिसे लहान असतात व रानात विखुरतात. टोपीवर दिसणारा भरगच्च गुच्छ सामान्यतः पक्ष्याच्या डोक्यावरून त्वचेसकट काढलेला असतो. म्हणजेच एका कलगीमागे किमान एका नराचा मृत्यू असतो.

हिवाळ्यात मोनाल खाली उतरतात व गावांच्या जवळ येतात. पांढऱ्या बर्फावर चकाकणारा नर दुरूनही नजरेस पडतो. शोभेसाठी केवळ प्रौढ नरच मारले गेल्याने नर-मादी प्रमाण बिघडण्याचाही धोका असतो.

## कायदेशीर स्थिती

भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मोनाल अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत, समाविष्ट आहे. त्याची शिकार करणे, तसेच त्याची पिसे वा त्यांपासून केलेल्या वस्तू यांची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा आहे. अनुसूची १ मधील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद असून सोबत दंडही आहे. हिमाचल प्रदेशात १९८२ मध्ये शिकारीवर बंदी आली आणि त्यानंतर मोनालवरील शिकारीचा ताण कमी झाला.

पूर्वजांकडून आलेल्या जुन्या कलग्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अशी वस्तू बाळगणाऱ्याने ती घोषित करून मालकीचे प्रमाणपत्र घेणे कायद्यास अपेक्षित आहे. आधी घोषणा न केलेल्यांना केंद्र सरकारने २००३ च्या नियमांद्वारे १८० दिवसांची आणखी एक संधी दिली होती. प्रमाणपत्र नसलेली कलगी बाळगणे हे कायद्याच्या कक्षेत येते, मग ती आजोबांच्या काळातील का असेना. जुनी कलगी व नवी कलगी यांत डोळ्यांनी फरक करणे कठीण असल्याने, जुन्याच्या नावाखाली नवी विकली जाण्याची शक्यता राहते. म्हणूनच कायद्याने घोषणेवर भर दिला आहे.

मोराच्या बाबतीत कायद्याने वेगळी भूमिका घेतली आहे. मोर हाही अनुसूची १ मधील पक्षी आणि भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे. परंतु त्याच्या पिसाऱ्यातील पिसे नैसर्गिकरीत्या गळत असल्याने देशांतर्गत वापरास सूट ठेवण्यात आली आहे. मोनालच्या तुऱ्याला अशी सूट नाही.

## पर्याय

टोपीचा मान राखून पक्ष्याचा जीव वाचवण्याचा मार्ग म्हणजे कृत्रिम कलगी. रंगीत धागे, तारा, चकाकते कागद आणि पाळीव कोंबड्यांची रंगवलेली पिसे यांपासून अशी कलगी बनवता येते. तारेसारखा दांडा व टोकाशी हिरवी पाकळी हा मोनालच्या पिसाचा आकार अनुकरणास सोपा आहे. फुलांच्या तुऱ्याची जुनी पद्धतही अनेक ठिकाणी टिकून आहे.

अशा बदलाचे उदाहरण अरुणाचल प्रदेशात आढळते. तेथील न्यिशी समाजाचे पुरुष वेताने विणलेली टोपी घालतात व तिच्यावर धनेश पक्ष्याची चोच बसवतात. धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि तिचे व पिलांचे पोषण सर्वस्वी नरावर अवलंबून असते. त्यामुळे एक नर मारला गेला की त्याचे सारे कुटुंब संकटात येते. या शतकाच्या आरंभी राज्याचा वनविभाग व वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी फायबरग्लासच्या चोची उपलब्ध करून दिल्या आणि समाजातील ज्येष्ठांच्या सहकार्याने त्या स्वीकारल्या गेल्या. पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पूर्वी शिकार करणारे गावकरी आता धनेशाच्या घरट्यांचे रक्षण करतात. टोपीचे सामाजिक मूल्य चोचीच्या खरेपणावर नव्हे, तर समाजाच्या मान्यतेवर अवलंबून असते, हे या अनुभवातून दिसून आले.

महाराष्ट्रातील फेट्याचेही उदाहरण येथे देता येईल. फेट्याला तुरा असतो. परंतु तो कापडाच्याच टोकाला चुण्या घालून पंख्यासारखा उभा केलेला असतो. पक्ष्याच्या तुऱ्याचा डौल त्यात आहे, पक्ष्याचे पीस मात्र नाही.

## पिसांच्या टोप्या व पक्षिसंरक्षण

शोभेसाठी पक्षी मारण्याची प्रथा केवळ हिमालयापुरती मर्यादित नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख, इतकेच नव्हे तर भुसा भरलेले संपूर्ण पक्षी लावण्याची फॅशन आली. १८८६ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर दोन फेरफटके मारून ७०० टोप्यांची पाहणी केली. त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती आणि त्यांत चॅपमन यांना ४० जातींचे पक्षी ओळखता आले.

या फॅशनचा मोठा फटका बगळ्यांना बसला. त्यांची नाजूक, झिरझिरीत पिसे केवळ विणीच्या काळात येतात. त्यामुळे शिकारी वसाहतीतील मोठे पक्षी मारत व पिले घरट्यातच उपाशी मरत. याविरुद्ध आवाज उठवण्यात स्त्रिया आघाडीवर होत्या. इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेल्या मंडळातून पुढे ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स’ ही संस्था आकाराला आली. अमेरिकेत हॅरिएट हेमेनवे व मिन्ना हॉल यांच्या प्रयत्नांतून १८९६ मध्ये मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. ब्रिटिश भारत सरकारने १९०२ मध्ये रानपक्ष्यांची पिसे व कातडी निर्यात करण्यास बंदी घातली. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर १९२१ मध्ये कायद्याने निर्बंध आले.

याच चळवळीतून हिवाळी पक्षिगणनेची कल्पना पुढे आली. नाताळात गट करून अधिकाधिक प्राणी-पक्षी मारण्याची एक स्पर्धा अमेरिकेत चाले. तिला पर्याय म्हणून चॅपमन यांनी पक्षी मारण्याऐवजी मोजण्याचे आवाहन केले. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ निरीक्षकांनी २५ ठिकाणी पहिली ‘ख्रिसमस बर्ड काउंट’ पार पाडली व सुमारे ९० जातींची नोंद केली. टोप्यांवरील पक्षी मोजणारा हा अभ्यासक अवघ्या चौदा वर्षांत कडाक्याच्या थंडीत जिवंत पक्षी मोजण्याच्या परंपरेचा प्रवर्तक ठरला. ही गणना आजही दरवर्षी होते.

## हिवाळी पक्षिनिरीक्षणातील उपयोग

हिमालयात हिवाळा व वसंताचा आरंभ हा पक्षिनिरीक्षणास अनुकूल काळ मानला जातो. उंचावरील पक्षी खाली उतरतात आणि पानगळीमुळे ते दिसणेही सुलभ होते. हिमाचल प्रदेशातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, आणि उत्तराखंडमधील चोपता-तुंगनाथ परिसर ही मोनाल पाहण्याची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. फेब्रुवारीतील ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या चार दिवसांच्या जागतिक गणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे.

पक्षिनिरीक्षकाला पहाटेच्या थंडीत दीर्घकाळ जवळजवळ निश्चल उभे राहावे लागते. चालणाऱ्याच्या शरीरात स्नायूंच्या हालचालीने उष्णता तयार होते. उभ्या निरीक्षकाला ती सोय नसते. त्यामुळे त्याच्या टोपीकडून काही विशेष अपेक्षा असतात.

* दुर्बिणीस अडथळा नसणे : पुढे लांब छज्जा असलेली टोपी दुर्बीण डोळ्यांना लावताना आड येते. हिमाचली टोपीला छज्जा नसल्याने ही अडचण येत नाही. मात्र बर्फावरून परावर्तित होणारे ऊन असेल तेव्हा छज्ज्याची उणीव जाणवते.
* ऐकू येणे : दाट जंगलात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. मोनालची शीळ दूरवर पोहोचते. हिमाचली टोपीत कान उघडे राहत असल्याने आवाज स्पष्ट येतो. परंतु वारा असेल तर कान गारठतात. महाराष्ट्रात परिचित असलेली कानटोपी कानांना ऊब देते, पण आवाज व त्याची दिशा यांचे भान कमी करते. यावर उपाय म्हणून अनेकजण टोपीसोबत मफलर वापरतात व ऐकण्यापुरता तो दूर करतात.
* रंग : पक्ष्यांची रंगदृष्टी माणसापेक्षा अधिक विकसित असून बहुतेक दिनचर पक्ष्यांना अतिनील किरणेही दिसतात. म्हणून करडा, तपकिरी किंवा शेवाळी रंग योग्य समजला जातो. नक्षीच्या भडक पट्टीची टोपी जत्रेस शोभते, तर साधी करडी टोपी रानात उपयोगी पडते. तथापि, पक्षी रंगापेक्षा अचानक हालचालीने अधिक बिचकतात.
* कोरडेपणा : हिमवर्षावात लोकर काही काळ टिकाव धरते, सततच्या पावसात मात्र तिच्यावर जलरोधक आवरण आवश्यक असते. भिजलेली लोकरी टोपी आगीजवळ न वाळवता सावलीत, आकार नीट करून वाळवावी, अन्यथा ती आटते.

पक्षिनिरीक्षणासाठी येणारे पर्यटक स्मृतिचिन्ह म्हणून ही टोपी विकत घेतात. लोकरीची, स्थानिक विणकराने केलेली टोपी घेणे हे त्या उद्योगास साहाय्यभूत ठरते. टोपीसोबत खऱ्या पिसांची कलगी देऊ केली गेल्यास ती न घेणे हे कायद्याच्या दृष्टीने बंधनकारक आहे, कारण खरेदी करणाराही दोषी ठरतो.

## महाराष्ट्राशी संबंध

मोनाल महाराष्ट्रात आढळत नाही. मात्र भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र असलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि हिमालयातील पक्ष्यांच्या अभ्यासातही तिचा मोठा वाटा आहे. या संस्थेशी आयुष्यभर निगडित असलेले सालिम अली यांचा ‘इंडियन हिल बर्ड्स’ हा पहाडी पक्ष्यांवरील ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील गिर्यारोहक व पक्षिमित्र हिमालयात नियमितपणे जातात आणि हिमाचली टोपी त्यांच्यामार्फत येथील घरांतही पोहोचली आहे.

## हेही पहा

* हिमालयीन मोनाल
* पश्चिमी ट्रॅगोपान
* कुल्लू शाल
* कुल्लू दसरा
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
* फेटा
* कलगी-तुरा
* पक्षिनिरीक्षण